गुण्याने घेतलेलं नाव

बाजारात त्याला सगळे गुण्या म्हणत. सुतारकामात कोन तपासायची जी काटकोनी पट्टी असते, तिला गुण्या म्हणतात. त्याने बनवलेल्या फ्रेमचे चारही कोपरे असे बसत की सांध्यात नखसुद्धा शिरू नये. त्यावरून कुणीतरी थट्टेने हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. त्याला ते मनातून आवडायचं. सरळ माणूस असाही त्याचा अर्थ निघतो, असं तो बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, "फ्रेमपुरता."

दुकान म्हणजे बोळकांडंच होतं. एका भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे नमुने टांगलेले, दुसऱ्या भिंतीला काचा उभ्या टेकवलेल्या, आणि मधे जेमतेम एक टेबल. बायको टेबलाच्या एका टोकाला बसून फोटोभोवतीचे पुठ्ठे कापायची आणि हा दुसऱ्या टोकाला काच कापायचा. हिऱ्याच्या कणाची लेखणी काचेवरून एकदाच फिरवायची, खालून बोटाने टिचकी मारायची, की काच रेघेवर दुभंगायची. ही टिचकी त्याने आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती. तो माणूस काही वर्षं त्याच्याकडे कामाला होता. नंतर एक दिवस त्याने जुनी सायकल घेतली, तिला काचा उभ्या राहतील असा लाकडी सांगाडा बसवला आणि घरोघर खिडक्यांच्या काचा बसवत फिरू लागला. लोक त्याला काचवाला म्हणू लागले.

काचवाला भांडून गेला नव्हता. जाताना वाकून नमस्कार करून गेला होता. पण खिडक्यांचं सगळं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं आणि गुण्याच्या मनात कुठेतरी एक कुसळ राहून गेलं. रस्त्यात भेट झाली की काचवाला सायकलवरून उतरून बोलायचा आणि गुण्या हसून उत्तर द्यायचा. मग दुकानात येऊन बायकोला ऐकवायचा की आपणच हात दिला आणि त्याने आपल्यालाच हात दाखवला.

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात चोरी झाली तेव्हा दर्शनी काच फोडलेली नव्हती, कापलेली होती. माणूस आत जाईल एवढी चौकट सफाईने काढून बाजूला ठेवली होती. पोलीस दुपारी थेट गुण्याकडे आले. हवालदाराने त्याची लेखणी रुमालात गुंडाळून घेतली आणि त्याला हात पुढे करायला सांगितलं. गुण्याला वाटलं, बोटांचे ठसे घेतायत. हवालदाराने दोन्ही मनगटांना दोरी बांधली आणि टोक स्वतःच्या हातात धरलं.

जीप गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. तरी त्याला तिच्यात बसवलं नाही. ठाण्याच्या साहेबांचं म्हणणं होतं की चालत न्या, जरा बाजाराला कळू दे. भर वर्दळीच्या वेळी अख्ख्या बाजारातून त्याला दोरीने बांधून चालवत नेलं. औषधवाल्याने एकदम कपाट आवरायला घेतलं. चहावाला पातेल्यात असा बघत राहिला की जणू पहिल्यांदाच चहा उकळतोय. गुण्याला वाटत होतं, कुणीतरी विचारावं, काय झालं म्हणून. शेवटी एका गिऱ्हाइकाने विचारलं. लग्नाचा मोठा फोटो दुकानात दिलेला माणूस होता तो. लगबगीने जवळ आला आणि म्हणाला, "माझी फ्रेम शनिवारी मिळेल ना?" गुण्या हो म्हणाला. पुढे कितीतरी दिवस त्याला याच उत्तराची लाज वाटत राहिली. बांधलेल्या हातांनी तो गिऱ्हाइकाला वायदा देत होता.

ठाण्यात त्याला फरशीवर बसवलं. साहेब खुर्चीत बसले. कुणी त्याला बोटही लावलं नाही. मारलं असतं, तर पुढची गोष्ट सांगायला त्याला सोपी गेली असती. साहेबांनी शांतपणे विचारलं की हे काम तुझं नाही, तर एवढी सफाई या भागात आणखी कुणाच्या हातात आहे? दोरी अजून मनगटाला होती. संध्याकाळ व्हायच्या आत सुटलो नाही तर उद्या पुन्हा असंच चालवत नेतील, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. त्याने काचवाल्याचं नाव सांगितलं. कुठे राहतो तेही सांगितलं. नाव आठवावं लागलं नाही, ते जिभेवर तयारच होतं.

अंधार पडायच्या सुमाराला त्याची दोरी सोडली आणि घरी जा म्हणाले. तो व्हरांड्यात चपला शोधत होता, तेवढ्यात मागच्या अंगणातून दोन शिपाई काचवाल्याला नेताना दिसले. पायात चप्पल नव्हती. अंगणाच्या टोकाला जप्तीच्या सायकली आणि मोडकं सामान ठेवायची खोली होती. तिचं दार उघडलं, काचवाल्याला आत ढकललं आणि कुलूप लावलं. गुण्याने उरलेली चप्पल शोधलीच नाही. एकाच पायात चप्पल घालून तो मागच्या गल्लीने घरी गेला.

तीन-चार दिवसांनी काचवाल्याची बायको दुकानात आली. ती धुणीभांड्याची कामं करायची आणि बोलायला मोठी फटकळ म्हणून प्रसिद्ध होती. त्या दिवशी तिचा आवाजच निघत नव्हता. नवऱ्याला पोलीस घेऊन गेले ते शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. पण ठाण्यात विचारायला गेली तर म्हणतात, या नावाचा माणूस आम्ही आणलाच नाही, पळून गेला असेल, तूच शोध. नोंदीत नाव नाही, कोठडीत माणूस नाही. न्यायाधीशापुढेही कुणाला उभं केलेलं नाही. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्याच दिवशी तिथे होता. तुम्ही बघितलं असेल ना त्यांना?"

गुण्या पट्टीवर माप घेत होता. त्याने वर न बघता सांगितलं की त्याला काहीच माहीत नाही, तो गेला तेव्हा तिथे कुणी नव्हतं. ती बरं म्हणाली आणि गेली. गुण्याने तीच पट्टी पुन्हा मोजली. मग पुन्हा मोजली. बायको टेबलाच्या त्या टोकाहून सगळं बघत होती.

"तुम्ही त्याला बघितलंय," ती म्हणाली.

तिने हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

"तुम्हाला दोरी बांधून नेलं तेव्हा लोक मला म्हणाले, तोंड लपवून घरी जा. मी नाही गेले. मला लाज नव्हती वाटली. आज वाटली."

दुसऱ्या दिवशी ती त्याला एका वकीलबाईंकडे घेऊन गेली. बाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं आणि खालच्या यंत्राच्या घरघरीने टेबल सतत थरथरायचं. काचवाल्याची बायको त्यांच्याकडे आधीच येऊन गेली होती. बाईंनी गुण्याला समजावून सांगितलं की राज्यघटनेने प्रत्येकाला काही मूलभूत हक्क दिलेत. कायद्याच्या वाटेखेरीज कुणाला डांबता येत नाही आणि पकडलंच तर एका दिवसाच्या आत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. हे हक्क मोडले तर खालच्या पायऱ्या चढत बसायची गरज नसते. थेट उच्च न्यायालयात जाऊन म्हणता येतं की आमचा माणूस आमच्यापुढे हजर करा. हा अर्ज बायको करू शकते, मित्र करू शकतो, कुणीही करू शकतं. असा अर्ज आला की न्यायालय बाकीची कामं बाजूला ठेवतं. पण पोलीस म्हणणार, माणूस आमच्याकडे नाहीच. तिथे गाडी अडली होती. आत बघितलेला एक तरी माणूस हवा होता.

गुण्याने जे पाहिलं ते सांगितलं. अंगण, खोली, कुलूप, अनवाणी पाय. बाईंनी विचारलं की तुम्हाला का सोडलं? तो म्हणाला, काही सापडलं नाही म्हणून. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिलाही त्याने तेवढंच सांगितलं होतं. बाईंनी प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि त्याने सही केली. खाली उतरताना त्याला हलकं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

सुनावणी लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी लागली. कोर्टाची खोली त्याच्या कल्पनेपेक्षा लहान होती, पंखे मात्र खूप होते. वर दोन न्यायमूर्ती बसले होते. बोलत होते ते पांढऱ्या भुवयांचे, आणि त्यांच्या शेजारच्या बाई लिहून घेत होत्या. मागच्या बाकावर काचवाल्याची बायको पदर मुठीत धरून बसली होती. सरकारी वकिलांनी उभं राहून सांगितलं की असा कोणीही इसम पोलिसांच्या ताब्यात नाही. हा फ्रेमवाला स्वतः संशयित होता, त्याला पोलिसांवर राग आहे, त्याच्या बोलण्यावर किती विसंबायचं?

न्यायमूर्तींनी गुण्याला पुढे बोलावलं. बसा म्हणाले, पण त्याला बसवेना. त्यांनी प्रतिज्ञापत्र चाळलं आणि साध्या आवाजात विचारलं, "तुम्हाला सोडलं आणि त्याच वेळी यांना आणलं. यांनाच का आणलं, काही कल्पना आहे?"

गुण्याला तिथूनही निसटता आलं असतं. माहीत नाही म्हटलं असतं तरी कुणी काही धरलं नसतं. पण प्रश्न असा अलगद समोर ठेवला होता की त्याला खोटं सुचलंच नाही. पाठीमागे कोण बसलंय, हे त्याला मानेच्या कातडीला जाणवत होतं.

"मी नाव सांगितलं साहेब," तो म्हणाला. "मला घरी जायचं होतं. त्याने काही केलं असेल असं मला वाटलंही नव्हतं. तरी सांगितलं."

मागे बाक करकरला. त्याने वळून पाहिलं नाही. आपले कान एवढे तापू शकतात हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सरकारी वकील पुन्हा काही बोलायला उठले, तेव्हा न्यायमूर्तींनी त्यांना हातानेच थांबवलं. राग काढायला आलेला माणूस स्वतःची बाजू राखून बोलतो, एवढंच म्हणाले. मग दोघे थोडं कुजबुजले आणि आदेश दिला. कोर्टाचा अधिकारी या क्षणी ठाण्यावर जाईल. त्याला प्रत्येक दार उघडून दाखवायचं. हा साक्षीदार बरोबर जाईल आणि खोली दाखवेल. ठाण्यावर कुणी फोन करायचा नाही, केला तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. आणि माणूस सापडला तर आजच इथे आणायचा, आम्ही बसून आहोत.

कोर्टाचे अधिकारी हे एक बारके, सर्दीने बेजार झालेले गृहस्थ होते. गाडीत सगळा वेळ ते रुमालात शिंकत होते. गुण्याला वाटलं, यांना ठाण्यात कोण विचारणार. ठाण्यात तसंच झालं. साहेब बाहेर गेलेत, मागची खोली बंद असते, किल्ली साहेबांजवळ आहे. अधिकाऱ्यांनी मान डोलावली, अंगणात एक खुर्ची मागवली आणि त्या खोलीच्या दारासमोर बसले. म्हणाले, किल्ली येईपर्यंत मी इथे आहे. नाही आली तर दार उघडलं नाही एवढंच कळवतो, पुढचं न्यायमूर्ती बघतील. घड्याळाकडेही त्यांनी पाहिलं नाही. एक शिपाई आत गेला, दुसरा त्याच्यामागे गेला. थोड्या वेळाने किल्ली साहेबांच्याच टेबलाच्या खणात निघाली.

दार उघडलं तेव्हा काचवाला सायकलींच्या ढिगाला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, उजवं मनगट सुजून काळंनिळं झालेलं. उजेडाने त्याने डोळे बारीक केले. त्याला सगळ्यात आधी दिसला तो गुण्या. त्याच्यामागे उभ्या असलेल्या शिपायांकडे बघून काचवाला भिंतीकडे सरकला.

"आता कुणाचं नाव सांगायला आणलंय यांनी तुम्हाला, मास्तर?"

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेबांनीच सांगितलं असणार. अधिकाऱ्यांनी घाईने सांगितलं की आम्ही कोर्टाकडून आलोय, तुम्हाला न्यायला. काचवाल्याला उठायला आधार द्यावा म्हणून त्याने हात पुढे केला. काचवाला सायकलीच्या दांड्याला धरून आपला आपण उठला.

न्यायमूर्ती खरंच थांबले होते. बाकीचं कोर्ट रिकामं झालं होतं. काचवाल्याला आत आणलं तेव्हा त्याची बायको धावत पुढे आली. शिपायाने तिला अडवलं, तर न्यायमूर्ती म्हणाले, येऊ द्या. त्यांनी काचवाल्याला खुर्ची द्यायला सांगितलं, पाणी द्यायला सांगितलं आणि मग काय काय झालं ते विचारलं. त्याने फार सांगितलं नाही. न्यायमूर्तींनीही फार ओढलं नाही, त्याचं मनगट त्यांना वरूनच दिसत होतं. तिथल्या तिथे त्याला मोकळं केलं. साहेबांची चौकशी बाहेरच्या अधिकाऱ्याने करायची, तोवर त्यांना कामावर ठेवायचं नाही, उपचाराचा खर्च आणि भरपाई सरकारने द्यायची, असा आदेश झाला. शेवटी ते गुण्याकडे वळले. बाजारातून दोरी बांधून चालवलं, हेही तुमच्या प्रतिज्ञापत्रात आहे, ते म्हणाले. तोही तुमचा हक्क मोडला गेला आहे, त्याबद्दल तुम्हाला वेगळी दाद मागता येईल. गुण्याने मान खाली घालून नको म्हटलं.

घरी जाताना बायको बसमध्ये त्याच्या शेजारी बसली होती. बराच वेळ ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला तरी आधी सांगायचं होतंत."

चोरी कुणी केली ते पुढे उघडकीला आलं. त्या दुकानात काचा बसवणाऱ्या कंपनीचाच एक जुना कामगार निघाला. बाजारातली माणसं गुण्याशी पुन्हा बोलू लागली, फ्रेमा टाकू लागली. काही जण तर त्याला शाबासकी द्यायला आले. कोर्टात छातीठोक बोललास म्हणे. ते त्याला दोरीपेक्षा जड जायचं. तो म्हणायचा, मी काय बोललो ते विचारा आधी. लोकांना वाटायचं, विनय आहे.

वकीलबाईंनी दोनदा निरोप पाठवला, दोरीबद्दलचा अर्ज करू या म्हणून. तो गेला नाही. शेवटी त्या स्वतःच दुकानात आल्या. तो म्हणाला, कोणत्या तोंडाने मागू? बाई म्हणाल्या की हक्क हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस नसतं, तुम्ही कसे वागलात ते न्यायालय विचारणार नाही. तो म्हणाला, न्यायालय नाही विचारणार, मी विचारतोय.

काचवाल्याचं मनगट बरं व्हायला फार दिवस लागले आणि झालं तरी पूर्वीसारखं झालं नाही. लेखणी धरली की हात थरथरायचा, काच रेघ सोडून भलतीकडेच तडकायची. एक दिवस तो दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. हातात कागदाचा चिटोरा होता, खिडकीचं माप लिहिलेला. म्हणाला, बसवायचं काम मी करतो, कापून तुम्ही द्या. जो काही दर असेल तो लावा. गुण्याने काच कापून दिली. दर लावायचं त्याच्या मनात नव्हतं, पण काचवाला हटून बसला, तेव्हा लावला. असं आठवडाभर चाललं. कामाखेरीज दोघांत एक अक्षर नव्हतं. मग एकदा गुण्याची बायको बाहेर गेलेली असताना गुण्याने लेखणी खाली ठेवली.

"मला माफ कर असं म्हणायला मी किती वेळा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो," तो म्हणाला. "तिथून परत फिरलो."

काचवाल्याने काचेची धार कागदाने पुसली. "बरं झालं फिरलात. आमच्या हिने तुम्हाला सरळ सोडलं नसतं." मग म्हणाला, "तुम्ही सांगितलंत, त्याचा राग आहेच मास्तर. तो जाईल की नाही, मला माहीत नाही. मलाही तिथे रोज नाव विचारायचे. कुणाचंही सांग म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मी सांगणार होतो. पण काच कापणारा तुमच्याशिवाय मला कुणी माहीतच नव्हता, आणि तुमचं तर आधीच झालेलं होतं."

तो हसला. गुण्याला हसता आलं नाही.

"मग त्यांनी मनगट धरलं," काचवाला म्हणाला. "ते असो. वकीलबाई सांगत होत्या, दोरीचा अर्ज तुम्ही करत नाही. का?"

गुण्याने कारण सांगितलं. काचवाला ऐकून घेत राहिला आणि मग पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. तो म्हणाला की तुमची लाज तुमच्याजवळ ठेवा, तिच्यासाठी बाजाराला का शिक्षा? दोरी बांधली नसती तर तुम्ही एवढे घाबरला असतात का? आणि घाबरला नसतात तर माझं नाव घेतलं असतं का? उद्या तिसऱ्याला बांधतील, तो चौथ्याचं नाव घेईल. "माझ्यासाठी काही करायचंच असेल तर हे करा. माझ्या घरी येऊन रडू नका."

गुण्याने अर्ज केला. त्याची सुनावणी पहिल्या अर्जासारखी झटपट झाली नाही. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला त्याची हकीकत मोठ्याने वाचली जायची. जीप उभी असताना चालवलं, एवढ्या लोकांनी पाहिलं, ठाण्यात दुसऱ्याचं नाव घेतलं. कुणीतरी कोरड्या आवाजात ते वाचायचं आणि तो भिंतीला टेकून ऐकायचा. एकदा सरकारी वकिलांनी विचारलं, अर्जदाराचं असं काय मोठं नुकसान झालं? अंगावर तर ओरखडाही नाही. तेव्हा त्या लिहून घेणाऱ्या न्यायमूर्ती बाईंनीच उत्तर दिलं. त्या म्हणाल्या की माणसाला ताठ मानेने जगायचा हक्क आहे, तो घेण्यासाठी ओरखडा काढावा लागत नाही.

निकाल त्याच्या बाजूने लागला. न्यायाधीशाची लेखी परवानगी असल्याशिवाय कुणालाही दोरी किंवा बेडी घालून रस्त्यातून न्यायचं नाही, आणि हा आदेश प्रत्येक ठाण्यात दर्शनी भिंतीवर लावायचा. झाल्या प्रकाराबद्दल पोलीस खात्याने त्याची लेखी माफी मागायची. वकीलबाई खूश होत्या. बायकोनेही त्या दिवशी त्याच्याशी पूर्वीसारखं बोलायला सुरुवात केली.

गुण्या बायकोबरोबर बाहेर आला, तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर काचवाला आणि त्याची बायको उभी होती. काचवाल्याने मान हलवली. त्याची बायको गुण्याशी त्या पहिल्या सुनावणीपासून बोलली नव्हती. ती थोडी पुढे आली.

"हे म्हणतात तुम्ही तिथे खरं बोललात, म्हणून हे घरी आले," ती म्हणाली. "तसं असेल. पण मी दुकानात आले होते तेव्हा तुम्ही वरसुद्धा बघितलं नव्हतंत."

गुण्याने तिच्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "नव्हतं बघितलं."

मग तिने नवऱ्याला बस सुटेल म्हणून घाई लावली आणि चौघेही पायऱ्या उतरू लागले.